एका सीझनला ५९ मॅच जिंकणारा पिचर खरंच होता का? आणि माझ्या मुलाच्या हाताचं काय करू?

दापोलीची_आई
नमस्कार, जुन्या बेसबॉलची माहिती असलेलं कोणी असेल तर प्लीज लवकर सांगा, मुलाची जिल्ह्याची स्पर्धा जवळ आलीये. मुलगा आठवीत, नुकताच १३ पूर्ण झाला. आमच्या इथे सगळी पोरं टेनिस बॉल क्रिकेटवाली, पण शाळेत बेसबॉल सुरू झालं आणि याचा थ्रो लांब जातो म्हणून याला पिचर केलं, आणि त्याला ते एवढं आवडलंय की झोपेतपण बॉल हातात असतो. तालुक्याच्या स्पर्धेत एका दिवसात आमच्या शाळेच्या जेवढ्या मॅच झाल्या तेवढ्या सगळ्या यानेच टाकल्या, जिंकलेपण, पण रात्री कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं ते अजून पूर्ण थांबलेलं नाहीये. मी म्हटलं सरांना सांग, एखादी मॅच दुसऱ्या मुलाला टाकू दे. तर त्याने मला मोबाईलवर रॅडबर्न नावाच्या एका जुन्या पिचरचा व्हिडिओ दाखवला, १८८४ साली एकट्याने ५९ मॅच जिंकून दिल्या म्हणे, जवळजवळ रोज टाकायचा म्हणे. "आई, त्याला झालं तर मला दोन मॅचचं काय?" आता याच्यावर मी काय बोलणार, घरात बेसबॉल कोणालाच कळत नाही, आणि ह्यांचं म्हणणं बॉलर टाकतातच की दिवसभर. तर मला एवढंच सांगा, हे ५९ खरं आहे का, आणि खरं असेल तर त्या माणसाच्या हाताचं पुढे काय झालं?

जुना_स्कोअरर
ताई, खरं आहे. चार्ल्स रॅडबर्न, लोक त्याला ओल्ड हॉस म्हणायचे, टीम अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहराची प्रॉव्हिडन्स ग्रेज, साल १८८४, ५९ विजय आणि १२ पराभव. काही पुस्तकांत ६० लिहिलेलं दिसेल, त्याचं कारण वेगळं आहे.

आधी एक गोष्ट, म्हणजे आकडा नीट कळेल. पिचर म्हणजे आपला बॉलर, पण दुसऱ्या एंडकडून कोणी टाकत नाही, ओव्हर संपली आणि फाईन लेगला जाऊन उभा राहिला असं नाही, प्रत्येक इनिंग तोच टाकतो, अशा ९ इनिंग (इथे तीन बाद झाले की टीमची एक पाळी संपते). आता पिचर बदलतात, एका मॅचला चार-पाच सहज. तेव्हा बाहेर बसलेला ताजा माणूस दमला म्हणून आत आणायची सोयच नव्हती, कोणी जखमी झाला तर गोष्ट वेगळी. फार तर मैदानात आधीच फिल्डिंग करणाऱ्या एखाद्याशी जागा बदलायची. त्यामुळे रॅडबर्नने त्या सीझनला ७३ मॅच सुरू केल्या आणि ७३च्या ७३ शेवटपर्यंत टाकल्या. एकूण ६७८ इनिंग आणि वर दोन बाद, ४४१ जणांना स्ट्राईकआऊट केलं (म्हणजे तीन स्ट्राईकवर बाद), फिल्डरांच्या चुकांनी गेलेले रन सोडले तर दर ९ इनिंगला सरासरी १.३८ रन. आजच्या मोठ्या लीगमधला पिचर वर्षाला २०० इनिंग टाकला तरी दणकट म्हणतात.

माणूस कोण होता तेपण सांगतो कारण व्हिडिओत ते येत नाही. जन्म ११ डिसेंबर १८५४, न्यूयॉर्क राज्यातलं रोचेस्टर, पण वाढला इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला. वडील खाटीक, हापण कत्तलखान्यात राबला, मग रेल्वेत ब्रेक लावणारा म्हणून. १८८० ला बफेलोच्या टीममध्ये जेमतेम काही मॅच मिळाल्या आणि त्यापण पिचर म्हणून नाही, खांदा दुखावला आणि घरी परत. म्हणजे हाताचं दुखणं १८८४ चं नाही, सुरुवातीपासूनचं आहे. पुढच्या वर्षी प्रॉव्हिडन्सने घेतला आणि तिथे तो मोठा झाला. १८८२ च्या १७ ऑगस्टला डेट्रॉइटविरुद्ध एक मॅच १८ इनिंगपर्यंत ०-० चालली होती, रॅडबर्न त्या दिवशी पिचर नव्हता, राईट फिल्डला, म्हणजे मैदानाच्या उजव्या बाजूला फिल्डिंगला उभा होता, आणि त्यानेच होम रन (आपला सिक्सर म्हणा) मारून १-० ने मॅच काढली. १८८३ ला ४८ विजय, शिवाय २५ जुलैला क्लीव्हलँडला एकही हिट, म्हणजे बॉल मारून पळत बेसवर पोचणं, मिळू दिली नाही.

आता १८८४. टीममध्ये दुसरा एक पिचर होता, चार्ली स्वीनी, वयाने लहान आणि वेग जास्त. ७ जूनला त्याने बोस्टनच्या १९ जणांना स्ट्राईकआऊट केलं आणि त्याचा बोलबाला झाला. रॅडबर्नला ते खुपलं. जुलैच्या मध्यात एका मॅचला तो मुद्दाम ढिला टाकतोय असा आरोप झाला आणि मॅनेजमेंटने त्याला सस्पेंड केलं. मग आठवडाभरात, २२ जुलैला, स्वीनी प्यायलेल्या अवस्थेत खेळत होता, मॅनेजर फ्रँक बँक्रॉफ्टने त्याला राईट फिल्डवाल्या मिलरशी जागा बदलायला सांगितलं तर तो शिव्या घालून मैदान सोडून गेला. प्रॉव्हिडन्स आठ जणांत खेळलं आणि हातातली मॅच गेली. स्वीनीला काढून टाकलं, आणि टीमच बंद करायची का इथपर्यंत बोलणी गेली. तेव्हा रॅडबर्न म्हणाला सीझन संपेपर्यंत मी टाकतो, पण मला जादा पैसे द्या आणि सीझननंतर करारातून मोकळा करा.

ताई, मुलाला हा भाग जरूर सांगा. त्या काळात क्लब खेळाडूला पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायचे, रिझर्व्ह क्लॉज म्हणायचे त्याला, क्लबने सोडलं नाही तर लीगमध्ये दुसरीकडे कुठे खेळताच यायचं नाही. २९ वर्षांच्या माणसाने स्वतःचा हात पणाला लावून ती सुटका मागितली. खेळातून पोट भरणारा माणूस होता तो, सौदा करून टाकत होता. तुमचा मुलगा १३ चा आहे आणि शाळेसाठी खेळतोय, त्याच्याकडून असा सौदा कोणी मागूच नये.

नंतर त्याने सलग १८ विजय मिळवले, प्रॉव्हिडन्सने लीग जिंकली. टीमचे एकूण विजय ८४, त्यातले ५९ ह्याचे. ऑक्टोबरच्या शेवटी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन्सशी तीन मॅच झाल्या, दोन लीगचे चॅम्पियन समोरासमोर, तीनही दिवस सलग रॅडबर्नच, आणि तीनही जिंकल्या.

हाताबद्दल म्हणाल तर तेव्हाच लिहिलं गेलंय की सकाळी उठल्यावर त्याला त्या हाताने केस विंचरता यायचे नाहीत. बँक्रॉफ्टने नंतर सांगितलंय की तो बाकीच्यांच्या आधी मैदानावर यायचा, चार पावलांवरून हळूहळू बॉल टाकायला लागायचा, मग थोडं मागे, मग अजून मागे, असं करत करत हात सुटा व्हायला लागला की मग मॅचला तयार. रोज. हे वाचून मला अंगावर काटा येतो, कौतुकपण वाटतं आणि वाईटपण.

मालवणी_झील
माका ह्या काय ठावक नव्हता, चांगला लिवलास काका. आई, झिलाक सांगा, हात सांभाळ म्हणान. आमच्या गावात एक बॉलर असाच मे महिन्यात दर स्पर्धेत पैसे घेऊन सकाळपासून लाईट लागेपर्यंत टाकायचो, आता लग्नाच्या पंगतीत डाव्या हातान वाढता.

दापोलीची_आई
खूप धन्यवाद काका, मी हे सगळं मुलाला वाचून दाखवलं, तो गप्प ऐकत होता, स्वीनीचं ऐकून मात्र फार चिडला. आता ह्यांचं नवीन सुरू झालंय, तेव्हा अंडरआर्म टाकायचे म्हणून हाताला ताण नव्हता आणि म्हणून रोज जमायचं असं ह्यांनी कुठेतरी वाचलंय. खरं आहे का?

चौलचा_अंडरआर्म
यात मी बोलू शकतो कारण आमच्याकडे अंडरआर्म क्रिकेट चालतं, लहानपणापासून तेच टाकतोय. अंडरआर्मला ताण नाही हे ज्याने दिवसभर टाकलेलं नाही तोच म्हणू शकतो, खांदा पुढून भरतो आणि मनगट आणि पोटरी यांचं वेगळं दुखणं. पण ओव्हरआर्मपेक्षा हात लवकर सावरतो हे मात्र खरं, एवढं ताईंच्या मिस्टरांचं बरोबर.

बेसबॉलचं वाचलंय मी थोडं. सुरुवातीला पिचरने खालूनच टाकायचं, हात ताठ, बॅट्समनला मारता येईल असं, आपल्याकडे कच्च्या लिंबूला टाकतात ना तसं. मग पोरं हळूहळू मनगट वळवायला लागली, मग हात कमरेच्या वर, मग खांद्यापर्यंत, अंपायरने तरी किती बघायचं, शेवटी नॅशनल लीगने, म्हणजे रॅडबर्नच्याच लीगने, १८८४ पासून कसापण टाका म्हणून परवानगी दिली. म्हणजे बघा, रॅडबर्नचं ते वर्ष म्हणजे ओव्हरआर्म मोकळं झाल्याचं पहिलंच वर्ष. तो स्वतः खालून, बाजूने, वरून सगळं मिसळून टाकायचा, वेगावर जगणारा पिचर नव्हता, वेग कमीजास्त करणं आणि बॉल पाहिजे तिथे नेणं ही त्याची खरी कला.

बाकी नियमपण सगळे वेगळे. अंतर ५० फूट, आत्ताचं ६० फूट ६ इंच १८९३ ला आलं. पाटी नव्हती पायाखाली, जमिनीवर आखलेला एक चौकोन, त्यात दोन पावलं उडी मारून टाकायचं. सहा बॉल चुकले की बॅट्समनला फुकट बेस, आता चार. आणि बॅट्समन आधी सांगायचा मला उंच पाहिजे की खाली पाहिजे, आणि तिथे नाही पडला तर तो चुकीचा बॉल, हे १८८७ ला बंद झालं. मला सगळ्यात मजा वाटली ती म्हणजे फाऊल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला बॉल एक टप्प्यावर पकडला तरी आऊट, आपला वन टप कॅच हो, नॅशनल लीगने तो नियम १८८३ ला काढला. ग्लोव्ह तर बहुतेक जण घालायचेच नाहीत, रॅडबर्नपण उघड्या हातानेच.

म्हणून ५९ आणि आजचे आकडे शेजारी ठेवू नयेत, खेळच वेगळा होता. त्याची किंमत याने कमी होत नाही, त्याच वर्षी त्याच नियमांत बाकीचे पिचरपण खेळत होते आणि कोणालाच ५९ जमले नाहीत. फक्त आजच्या अंतरावरून, आजच्या वेगाने, ओव्हरआर्म टाकणाऱ्या मुलाला त्याचं उदाहरण देता येत नाही, हे सरांनापण सांगा.

रत्नागिरीची_फिजिओ
ताई, इतिहास सगळ्यांनी छान सांगितलाय, मी हातावर बोलते कारण मला काळजी तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या "आतल्या बाजूला दुखतंय" ची वाटतेय.

मिस्टरांना सांगा क्रिकेटच्या बॉलिंगशी तुलना नको. क्रिकेटमध्ये कोपर सरळ ठेवून टाकायचं असतं, सहा बॉलनंतर एक ओव्हर विश्रांती. बेसबॉलच्या पिचिंगमध्ये कोपर वाकतो आणि झटक्यात सरळ होतो, त्यावेळी कोपराच्या आतल्या बाजूला जोरात ओढ बसते, दरवेळी त्याच जागी. होडीचा दोर एकाच कडेला घासत राहिला तर पूर्ण दोर मजबूत असूनही तिथूनच जातो, तसंच हे. मोठ्या माणसाचं तिथलं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारी पट्टी, खराब होतं, पण १३ वर्षांच्या मुलात लिगामेंटच्याही आधी हाडाच्या टोकाची वाढीची पट्टी नाजूक असते, ती अजून जुळलेली नसते, दुखापत तिथे होते. लवकर लक्षात आलं तर बहुतेक वेळा विश्रांतीने बरं होतं, दुखत असताना टाकत राहिलं तर लांबतं. त्यामुळे आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा, लागला तर ते एक्स-रे काढतील, आणि ते हो म्हणेपर्यंत पिचिंग पूर्ण बंद. शेकून, बाम लावून, पट्टी बांधून खेळवू नका, दुखणं लपतं फक्त.

आता आकडे, हे सरांना दाखवायला. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलने आणि यूएसए बेसबॉलने मिळून मुलांसाठी मर्यादा ठरवल्यात. १३-१४ वर्षांसाठी एका दिवसात जास्तीत जास्त ९५ पिच, म्हणजे टाकलेले बॉल, मॅच कितीही असोत. पण नुसतं ९५ लक्षात ठेवू नका, महत्त्वाची आहे ती नंतरची विश्रांती: २० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी चालेल, २१ ते ३५ ला एक दिवस सुट्टी, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, आणि ६६ च्या वर गेलं की चार दिवस हात पिचिंगला लावायचा नाही. ज्या मॅचला पिच टाकले त्याच मॅचला त्याला कॅचर, म्हणजे विकेटकीपरसारखा, म्हणून बसवू नये, कारण कॅचरपण सतत थ्रो करतो. आणि वर्षभरात १०० इनिंगच्या वर नको. रॅडबर्नच्या ६७८ शेजारी हा १०० ठेवून मुलाला दाखवा, त्याला लगेच कळेल.

अजून एक, वर्षातून किमान चार महिने थ्रोइंग बंद ठेवायला सांगतात, त्यातले दोन-तीन महिने सलग. आपल्या कोकणात हे आयतंच मिळतं, जून ते सप्टेंबर मैदानात पाणी. फक्त पावसाळ्यात शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर बॉल मारणं चालू ठेवू देऊ नका, त्या दिवसांत पोहू दे, पळू दे, खांद्यापाठीचे व्यायाम करू दे, ते मी सांगेन हवे तर.

रॅडबर्नच्या काळात हे कोणालाच माहीत नव्हतं हो, एक्स-रेचा शोधच १८९५ चा. पिचरच्या कोपराचं तुटलेलं लिगामेंट बदलायचं ऑपरेशन डॉक्टर फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा १९७४ ला टॉमी जॉन या पिचरवर केलं, त्याच्या दुसऱ्या हातातला टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोरा, काढून बसवला. म्हणजे मधली ९० वर्षं ज्याचा हात गेला त्याचा गेलाच, घरी जायचं. अशा किती जणांची नावंपण आपल्याला माहीत नाहीत, आणि जो टिकला त्याचा व्हिडिओ मुलं बघतात.

चिपळूणकर७
थोडं विषयाच्या कडेने जातोय पण राहवत नाही. एका माणसाने हाताच्या जोरावर टीम ओढायची गोष्ट निघाली की मला आपले जुने क्रिकेटपटू पालवणकर बाळू आठवतात. घराणं मूळ आपल्या कोकणातल्या पालवणचं म्हणून आडनाव पालवणकर, जन्म धारवाडला १८७६ चा, वाढले पुण्यात. रॅडबर्न कत्तलखान्यातून आला तसे हे चर्मकार घरातून. आधी पारशांच्या क्लबमध्ये पिच झाडायची आणि रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये, मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथे साहेब लोकांना नेटमध्ये बॉल टाकायचे, ग्रेग नावाचा त्यांचा मोठा बॅट्समन यांच्याकडून तासन्‌तास सराव करून घ्यायचा, पण बाळूंच्या हातात बॅट म्हणून दिली नाही कोणी. टाकून टाकून डावखुरी स्पिन अशी तयार झाली की हिंदू टीमला त्यांना घ्यावंच लागलं. मैदानात सगळे सोबत, आणि चहाच्या वेळी बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा. १९०६ ला हिंदूंनी युरोपियनांना हरवलं त्यात ते होते, आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर टीम बऱ्याच मॅच हरली पण बाळूंनी ११४ विकेट काढल्या, सरासरी १८.८४. तेव्हा पस्तिशीला आलेले होते. एवढं करून कॅप्टन कधी केलं नाही, ते धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, १९२३ ला.

ताईंच्या मिस्टरांना बॉलर दिवसभर टाकतात याचं उदाहरण पाहिजे असेल तर बाळू आहेत, पण ते स्लो स्पिनर. पिचरला ते लागू नाही, फिजिओ ताईंनी सांगितलंच आहे.

आणि तो रिझर्व्ह क्लॉज वाचून मला तर फार लागलं. खेळणाऱ्याचा हात खेळणाऱ्याचा, आणि त्या हातावर हक्क दुसऱ्याचा. रॅडबर्नला निदान एकदा तरी अट घालायची संधी मिळाली, बाळू कोणाला अट घालणार?

दापोलीची_आई
डॉक्टरांकडे जाऊन आलो. एक्स-रे काढला, वाढीच्या जागेला सूज आहे म्हणाले, काही आठवडे थ्रो बंद, जिल्ह्याला टाकायचं नाही. मुलगा रडला. सरांना पिचचे आकडे वहीत लिहून दिले, त्यांनी शांतपणे वाचले आणि दोन अजून मुलांना पिचिंग शिकवायला घेतो म्हणाले, हा त्यांना हात बरा होईपर्यंत ग्रिप दाखवेल. फिजिओ ताई तुमचे खूप उपकार, व्यायामांचं मी वेगळं विचारते. काका, मुलाने विचारलंय की रॅडबर्नला सीझननंतर मोकळं केलं का, आणि नंतर काय झालं त्याचं.

जुना_स्कोअरर
वेळेवर दाखवलंत, छान केलंत. मुलाला सांगा, रडू आलं तर येऊ दे, खेळाडूलाच येतं.

मोकळं केलं. शब्द पाळला क्लबने. पण रॅडबर्नने दुसरीकडे न जाता पुन्हा प्रॉव्हिडन्सशीच करार केला. ते दुर्दैवाने फार चाललं नाही, १८८५ नंतर प्रॉव्हिडन्सचा क्लबच बंद पडला आणि हा बोस्टनला गेला. विजयांचे आकडे ओळीने बघितले की हाताची गोष्ट आपोआप कळते: १८८३ ला ४८, १८८४ ला ५९, मग २८, २७, २४, आणि १८८८ ला फक्त ७. त्या एका सीझननंतर तो परत कधी ३० ला पोचला नाही. आता तिशी ओलांडलेली, नियमपण दर वर्षी बदलत होते, सगळा दोष एकट्या १८८४ ला देता येणार नाही, पण माझं स्पष्ट मत आहे की त्या उन्हाळ्याने त्याच्या हातातली पुढची काही वर्षं खाल्ली.

तरी माणूस जिद्दी. १८९० ला खेळाडूंनी मालकांविरुद्ध स्वतःची प्लेयर्स लीग काढली, पुढाकार जॉन माँटगोमेरी वॉर्डचा, म्हणजे ती १८ इनिंगची मॅच ज्याने टाकली होती तोच प्रॉव्हिडन्सचा जुना सोबती. रॅडबर्न त्या लीगमध्ये गेला, २७ विजय मिळवले आणि त्याच्या बोस्टनच्या टीमने लीग जिंकली. पस्तिशीत, त्या हाताने. रिझर्व्ह क्लॉजवर ज्याने १८८४ ला एकट्याने तोडगा काढला तो सहा वर्षांनी सगळ्यांसोबत त्याच गोष्टीविरुद्ध उभा राहिला, माझ्या लेखी हे ५९ च्या तोडीचं आहे. लीग एकाच वर्षात बंद पडली. १८९१ ला सिनसिनाटीकडून शेवटचं खेळला, एकूण विजय ३०९.

नंतरचं आयुष्य मुलाला सांगायचं का ते तुम्ही ठरवा. ब्लूमिंग्टनला परत जाऊन त्याने बार आणि बिलियर्ड्सचा धंदा केला. १८९४ ला शिकारीत चुकून गोळी लागली, एक डोळा गेला, चेहरा बिघडला, त्यानंतर तो लोकांसमोर येणं टाळायचा. तब्येत आधीच ढासळत होती. ५ फेब्रुवारी १८९७ ला गेला, वय ४२. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, नाव १९३९ ला आलं, त्याला जाऊन ४२ वर्षं झाल्यावर. आणि स्वीनीचं विचारेल तो नक्की, म्हणून सांगतो, दुसऱ्या लीगमध्ये सेंट लुईसला गेला, लगेच चमकला, पण हात लवकरच संपला. पुढे एका माणसाच्या मृत्यूप्रकरणी तुरुंगात गेला आणि १९०२ ला क्षयाने वारला. वेग त्याच्याकडे रॅडबर्नपेक्षा जास्त होता.

चौलचा_अंडरआर्म
काका, ते ६० चं राहिलं. मी दोन्ही आकडे बघितलेत, कुठला धरायचा?

जुना_स्कोअरर
हो, ते सांगतो. सगळा घोळ २८ जुलै १८८४ च्या फिलाडेल्फियाच्या मॅचचा आहे. त्या दिवशी सुरुवात मिलरने केली, तोच सायक्लोन मिलर, ज्याच्याशी जागा बदलायला स्वीनीने नकार दिला होता. मिलरने पाच इनिंग टाकल्या तेव्हा प्रॉव्हिडन्स पुढे होतं, मग उरलेल्या चार रॅडबर्नने टाकल्या आणि मॅच संपवली. तेव्हा विजय कुठल्या पिचरच्या नावावर घालायचा याचा पक्का नियमच नव्हता, स्कोअररला वाटलं तो चांगला टाकला, त्याने विजय रॅडबर्नला दिला, म्हणून ६०. नंतर जो नियम आला, की सुरुवातीच्या पिचरने पाच इनिंग टाकल्या आणि टीम पुढे असताना तो थांबला आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकली तर विजय त्याचा, तो मागे जाऊन लावला तर ती मॅच मिलरची होते आणि रॅडबर्नचे ५९ राहतात. आज बऱ्याच ठिकाणी ५९ धरतात. मीपण माझ्या वहीत ५९ च लिहिलंय. मिलरने पाच इनिंग टाकल्या होत्या, त्याचं त्याला मिळालं पाहिजे.